लालबाजारचा आयरिश साहेब

बंगालमधील सशस्त्र क्रांतिकारकांचा इतिहास वाचताना लालबाजार या कलकत्ता पोलिसांच्या मुख्यालयातला अधिकारी चार्ल्स टेगार्ट हे नाव पुन्हा पुन्हा भेटते, आणि बहुतेक वाचक त्याला इंग्रज समजूनच पुढे जातात. प्रत्यक्षात त्याचा जन्म १८८१ साली आयर्लंडच्या डेरी शहरात एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून तो १९०१ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झाला.

आयर्लंड आणि हिंदुस्थानातील पोलीस यांचे नाते त्याच्याही आधीचे आहे. १८४३ साली सिंध जिंकल्यावर ब्रिटिश सेनानी चार्ल्स नेपियरने तेथे आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या आयर्लंडमधील पोलीस दलाच्या धर्तीवर पोलीस दल उभारले, पुढे मुंबई इलाख्याने तो नमुना उचलला, आणि १८६१ च्या पोलीस कायद्यावरही त्याची छाप राहिली. शस्त्रे बाळगून बराकीत राहणारा, स्थानिक लोकांना नव्हे तर सरकारला उत्तरदायी असणारा पोलीस ही कल्पना अशी आयर्लंडहून इकडे आली.

१९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर कलकत्त्यात बॉम्ब आणि पिस्तुलांचे पर्व सुरू झाले, तेव्हा गुप्तवार्तेच्या कामात टेगार्टने नाव कमावले. सप्टेंबर १९१५ मध्ये ओडिशातील बालासोरजवळ क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांच्या साथीदारांना घेरणाऱ्या पोलीस पथकांबरोबर तो होता. १९२३ मध्ये तो कलकत्त्याचा पोलीस आयुक्त झाला. त्याच्या हाताखालच्या पोलिसांकडून कैद्यांचा छळ होतो, असे आरोप सतत होत राहिले. सरकारला मात्र त्याचे काम पसंत होते. १९२६ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली.

१२ जानेवारी १९२४ रोजी कलकत्त्यातील चौरंगी रस्त्यावर अर्नेस्ट डे नावाचा एक गोरा इसम सकाळी एका दुकानासमोर उभा होता. त्याला टेगार्ट समजून गोपीनाथ साहा या तरुणाने गोळ्या झाडल्या. निरपराध माणूस मारला गेल्याचा खेद साहाने न्यायालयात व्यक्त केला, पण टेगार्ट वाचल्याची हळहळही लपवली नाही. त्याला मार्चमध्ये फाशी झाली. त्या वर्षी या कृत्यावरून काँग्रेसमध्येही वाद पेटला. गांधीजींना निषेधाचा ठराव मंजूर करून घेता आला, तरी विरोधात पडलेली मते पाहून ते व्यथित झाले. २५ ऑगस्ट १९३० रोजी डलहौसी स्क्वेअरमध्ये टेगार्टच्या मोटारीवर बॉम्ब पडले. तो बचावला, हल्ला करणारा अनुजाचरण सेन मात्र जागीच गेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये चितगावच्या शस्त्रागारावर छापा घालणाऱ्यांनी आपल्या संघटनेला इंडियन रिपब्लिकन आर्मी असे नाव दिले होते आणि दिवस गुड फ्रायडेचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारचा, होता. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १९१६ चा डब्लिनचा ईस्टर उठाव त्यांच्यासमोर आदर्श म्हणून होता. आयर्लंडमधून एकीकडे पोलिसी पद्धत येत होती आणि दुसरीकडे तिला आव्हान देण्याची रीतही. टेगार्ट या दोहोंच्या मध्ये उभा होता.

१९३१ मध्ये त्याने कलकत्ता सोडले. पुढे पॅलेस्टाइनमधील अरब उठाव मोडण्यासाठी ब्रिटिशांनी त्याला सल्लागार म्हणून पाठवले. त्याच्या शिफारशीवरून १९३८ मध्ये उत्तर सरहद्दीवर काटेरी तारांचे कुंपण झाले आणि पुढे देशभर काँक्रीटचे पन्नासाहून अधिक पोलीस किल्ले उभे राहिले. १९४६ मध्ये टेगार्ट वारला. दोनच वर्षांनी लात्रून येथील अशाच एका किल्ल्यासाठी ज्यू सैन्य आणि अरब लीजन हे जॉर्डनचे सैन्य यांच्यात घनघोर लढाई झाली; त्याच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, आणि तिकडे अशा इमारतींना आजही 'टेगार्ट किल्ले' असेच म्हणतात.