ड्रमला किती घट्ट धरायचं?

भाच्याने वाढदिवसाला स्नेअर ड्रम मागितला आणि ताईने घेऊनही दिला. स्टँड मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहिला. त्यामुळे ठाण्यात वर्तकनगरच्या तिच्या दोन खोल्यांत ड्रम विराजमान झाला तो प्लास्टिकच्या स्टुलावर. वाजवला की बिस्किटाच्या डब्यावर काठी मारल्यासारखा आवाज. ताईचं मत, दुकानदाराने गंडवलं. मी ड्रमची रिम, म्हणजे तोंडावरची कड, दोन बोटांत धरून तो नुसता लोंबकळत ठेवला आणि भाच्याला म्हटलं, मार आता. खण्णकन आवाज उघडला. दुकानदार निर्दोष सुटला.

गोम ड्रमच्या खालच्या अंगात असते. ताशा म्हणजे खालून बंद वाटी. गळ्यात अडकवून पोटाशी टेकवला तरी फारसं बिघडत नाही. स्नेअरला दोन तोंडं. वरचं हेड, म्हणजे ताणलेला पडदा, साधारण पाव मिलिमीटर जाड, खालचं त्याच्याही तिसऱ्या हिश्शाइतकं पातळ, आणि त्याला चिकटून ताणलेल्या बहुधा २० वेटोळ्या तारा. वर काठी पडली की आतली हवा दाबली जाते, खालचं हेड थरथरतं, तारा त्यावर आपटतात. ती खर्रर्र म्हणजेच स्नेअर. स्टुलाने नेमकं हेच तोंड दाबून धरलं होतं.

पण तोंड मोकळं ठेवलं म्हणजे भागलं असंही नाही, कारण ड्रमचं गोल कडं, म्हणजे शेल, तेही हलतं. तलावपाळीला होडीतून काठावर उडी मारा, होडी मागे सरकते. तसंच इथे. दोन्ही हेड एकदम खाली गेली की शेल किंचित वर जातं. काही कंपनांत मात्र वरचं हेड खाली जाताना खालचं वर येतं; दोघांचे धक्के एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात आणि शेल जवळपास शांत राहतं. म्हणजे शेल करकचून आवळलं तर सगळे स्वर सारखे दबत नाहीत. पहिल्या प्रकारचे जास्त बदलतात, दुसऱ्या प्रकारचे कमी. आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा रंगच पालटतो. स्टँड हा वाद्याचाच भाग धरायचा तो यासाठी.

नेहमीच्या स्टँडला वर तीन दांड्यांची बास्केट असते, टोकांना रबर. खालचा नट फिरवला की तिन्ही दांड्या आवळल्या जातात. नवशिके तो जीव खाऊन पिळतात. वाजवताना ड्रम उडणार नाही इतपत पुरे. दांड्या तारांच्या दोन टोकांपासून आणि तारा सोडायच्या खटक्यापासून दूर ठेवायच्या. पाय तीनच का? आजीच्या तिवईला विचारा. लादी कितीही वरखाली असो, तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत.

पूर्वी ही भानगडच नव्हती. लष्करी बँडमध्ये ड्रम पट्ट्याने कमरेच्या बाजूला लटकायचा. आपले बँडवाले अजून त्याला ‘साइड ड्रम’च म्हणतात. तो तिरका लटके, म्हणून डावा तळवा उताणा ठेवून काठी धरायची पद्धत पडली. थिएटरात बसून वाजवणारे तो खुर्चीवर ठेवत, म्हणजे आमच्या स्टुलाचेच पूर्वज. घडी होणारे, उंची बदलणारे स्टँड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले.

ड्रमला कड्यात टांगणारे महागडे सस्पेन्शनवाले प्रकारही मिळतात. टॉमसाठी, म्हणजे ड्रमसेटमधल्या बिनतारांच्या ड्रमसाठी, त्यांचा उपयोग मोठा, कारण टॉमचा गुंजारव लांब हवा असतो. शिकाऊ पोराच्या स्नेअरला मी तरी ते घेणार नाही. त्यापेक्षा स्टँड किती खाली उतरतो ते पाहावं. साडेसहा इंच खोल ड्रम त्यावर चढल्यावर रिम बसलेल्या मुलाच्या मांडीच्या थोडीच वर यायला हवी, आणि बरेच स्टँड तितके उतरत नाहीत. आम्ही दुकानात भाच्याला बसवूनच मोजलं.

आवाज आता छान येतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनाही येतो. पायांखाली जाड रबरी चटई घातली, पण तिने थांबतात ती लादीतून जाणारी कंपनं. खिडकीतून जाणाऱ्या आवाजाला ती काय करणार? काकांच्या नातीची दहावी संपेपर्यंत ताईने वरच्या हेडवर रबरी पॅड ठेवला आहे.