हरितगृहातला कूलर आणि ओली चिंधी

कूलर कुठे ठेवायचा हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खिडकीबाहेर, पाठ उघड्या हवेकडे, आणि समोरचं दार जरा किलकिलं. मी मात्र गेल्या एप्रिलात तो उचलून परसातल्या प्लास्टिकच्या हरितगृहात नेला, दार घट्ट लावलं आणि पंप सुरू केला. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. अर्ध्या तासाने आत डोकावलो तर चष्म्यावर वाफ, सदरा पाठीला चिकटलेला आणि ढोबळी मिरचीची रोपं मान टाकून उभी. बाहेर 42 अंश होते, आत 45. "भाजी पिकवताय की वाफवताय?" असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं गेलं. उत्तर 'वाफवतोय' असंच होतं.

का फसलो हे कळायला आधी हरितगृह तापतं कशानं ते पाहावं लागेल. शाळेत शिकलो ते असं: काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, आतून निघणारे अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) किरण मात्र अडवते, म्हणून उष्णता कोंडली जाते. 1909 मध्ये आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं हे तपासून पाहिलं. त्यानं काळ्या पुठ्ठ्याचे दोन खोके केले. एकावर काच बसवली, दुसऱ्यावर सैंधवाच्या स्फटिकाची पातळ चकती. सैंधव अवरक्त किरणांना अजिबात आडकाठी करत नाही. सूर्याकडून थेट येणाऱ्या अवरक्त किरणांनी गोंधळ होऊ नये म्हणून दोन्हींवर पडणारं ऊन त्यानं आधी काचेतून गाळून घेतलं. दोन्ही खोके सुमारे 55 अंशांपर्यंत तापले आणि त्यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडला.

म्हणजे मुख्य कारण वेगळंच आहे. तापलेली जमीन हवेला तापवते, ती हवा हलकी होऊन वर जायला बघते आणि छताला अडते. पाठ्यपुस्तकात ज्याला अभिसरण म्हणतात ते इथे कोंडलं जातं. साधं पॉलिथिन तर अवरक्त किरण बरेचसे जाऊ देतं, तरी पॉलिहाऊस तापतंच. (या प्रयोगाचा दाखला देऊन 'बघा, हरितगृह परिणाम थोतांड आहे' म्हणणारेही भेटतात. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण खरोखरच शोषतो. चुकलंय ते नाव, परिणाम नव्हे.)

आता माझ्या 2 बाय 3 मीटरच्या हरितगृहाचा हिशोब. भर दुपारी चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट ऊन पडतं. 6 चौरस मीटरवर 6 किलोवॅट, आणि प्लास्टिकमध्ये अडकणारं, परावर्तित होणारं वगळलं तरी 4 किलोवॅट आत उरतात. दोन गीझर अखंड चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता नुसत्या वाऱ्यानं बाहेर काढायची आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 5 अंशांहून जास्त चढू द्यायचं नाही म्हटलं, तर आतली सगळी हवा मिनिटाला तीनदा बदलावी लागते. छताच्या कण्यापाशी झडप आणि खाली दार, दोन्ही सताड उघडं हवं. तेवढ्यानंही पुरत नाही, म्हणून आधी उन्हालाच कात्री लावायची. 50 टक्क्यांचं शेडनेट टाकलं की 4 चे 2 किलोवॅट होतात. नेट बाहेरून टाकायचं, छतापासून वीतभर उंच. आतून बांधलं तर तेच तापतं आणि ती उष्णता आतल्या हवेलाच देतं.

पण नेट लावा, झडपा उघडा, पंखा फिरवा, बाहेर 43 असताना वारा आत 43 च्या खाली आणू शकत नाही. त्याच्या खाली जायचं तर पाणी उडवावं लागतं. माझा जीव अडकलाय तो या भागात.

घरी करून बघा. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला जुन्या पंचाची चिंधी गुंडाळा आणि तिचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. दोन्ही सावलीत टांगून टेबलफॅनचा झोत सोडा. मे महिन्यातल्या दुपारी माझ्याकडे कोरडा 43 आणि ओला 22 दाखवत होता. एकाच हवेत, चार बोटांच्या अंतरावर, 21 अंशांचा फरक! दर उन्हाळ्यात बघतो आणि दरवेळी तितकीच गंमत वाटते.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगानं हलत नाहीत. पृष्ठभागावरचे सर्वांत चपळ रेणू आधी निसटतात. वर्गातली हुशार पोरं दुसऱ्या तुकडीत गेली की उरलेल्या वर्गाची सरासरी घसरते, तसं मागं राहिलेलं पाणी थंड होतं. मग ते थंड होतच का जात नाही, 22 वरच का थांबतं? कारण चिंधी जितकी गार होते तितकी भोवतालच्या गरम हवेतून तिच्यात उष्णता जास्त घुसते. आणि गार पाण्यातून निसटणारे रेणूही कमी होतात. आत येणारी उष्णता आणि वाफेबरोबर बाहेर जाणारी उष्णता जिथे बरोबरीत येतात, तिथे पारा ठरतो.

इथे थोडे आकडे. नको असतील त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. 43 अंशांच्या आणि 15 टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफेचा दाब सुमारे 1.3 किलोपास्कल असतो. 22 अंशांच्या पाण्यालगत तो 2.64 असतो. दोहोंतली तफावत 1.34. ओल्या-कोरड्या पाऱ्यातल्या फरकाच्या दर अंशाला सुमारे 0.065 किलोपास्कल, हा नागपूरच्या हवेच्या दाबाला लागू पडणारा गुणांक. भागाकार करा, जवळपास 21 येतात. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे हवेतून उष्णता ज्या वेगानं पसरते, जवळजवळ त्याच वेगानं पाण्याची वाफही पसरते. हा निव्वळ योगायोग आहे, अल्कोहोलच्या बाबतीत तो जमत नाही. पण या योगायोगामुळेच चिंधीवरचा आकडा आणि ओल्या पॅडमधून हवा पूर्ण संपृक्त होऊन, म्हणजे आणखी वाफ मावणार नाही इतकी ओली होऊन, निघाली तर तिचं होणारं तापमान, हे दोन्ही पाण्यासाठी जवळपास एकच असतात. म्हणजे पाच रुपयांची चिंधी कूलरची मर्यादा आधीच सांगून टाकते.

कूलर चिंधीनं दाखवलेल्या त्या मर्यादेपर्यंत पूर्ण पोचत नाही. बऱ्या स्थितीतलं वाळ्याचं किंवा हनीकोंबचं पॅड फरकाच्या तीन चतुर्थांश अंतर कापतं. 21 चे 16 धरा, म्हणजे 43 ची हवा 27 ला आत येते. ती एका टोकानं शिरली पाहिजे, रोपांवरून जात तापली पाहिजे आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडली पाहिजे. मी दार लावून घेतल्यावर कूलर तीच ती ओली हवा पुनःपुन्हा ओढत राहिला. आतली आर्द्रता शंभराकडे गेली, ओला आणि कोरडा पारा एकमेकांना भिडले आणि सूर्य मात्र किलोवॅट ओततच होता. रोपांनाही ते भोवलं, कारण पर्णरंध्रांतून पाणी उडवून पान स्वतःला गार ठेवतं आणि संपृक्त हवेत तो बाष्पोच्छ्वासही जवळपास थांबतो.

आता कूलर बाहेरच्या भिंतीशी आहे आणि समोरच्या बाजूला वर बाहेर फेकणारा पंखा. नेटसकट तासाला 9-10 लिटर पाणी उडतं, नेट नसेल तर दुप्पट. पाणी बोअरचं असल्यानं पॅडवर क्षारांचे पांढरे थर बसतात, ते खरवडावे लागतात. डासांमुळे टाकी आठवड्याला कोरडी करायची, हे सांगायला नकोच.

'बर्फाच्या बाटल्या टांगा, हरितगृह थंड' असा संदेश उन्हाळ्यात मोबाईलवर फिरतो. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो, तर 1 लिटर पाणी उडताना सुमारे 2430, म्हणजे सातपट. शिवाय तो बर्फ करताना फ्रिजनं स्वयंपाकघर तापवलेलं असतं ते वेगळंच. आमच्या माळ्यानं दारावर लिंबू-मिरचीही टांगली होती. ती दोन दिवसांत कडकडीत वाळली. बाष्पीभवनाचा तेवढाच काय तो पुरावा तिनं दिला.

रत्नागिरीच्या मेहुणीनं 'मलाही असाच कूलर हवा' म्हटलं, तेव्हा तिला आधी चिंधी बांधायला लावली. कोरडा 34, ओला 28. जास्तीत जास्त साडेचार अंश पदरात पडणार आणि बदल्यात पानांवर बुरशी. कोकणातल्या माठाचं पाणी नागपूरच्या माठासारखं का लागत नाही, तेही तिला त्याच वेळी उलगडलं. तिनं बाजूंचं प्लास्टिक सोडवून गुंडाळून ठेवलं, छत आणि नेट तेवढं राहू दिलं. वारा आरपार जातो आणि तिची रोपं माझ्यापेक्षा बरी आहेत.

इकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या सरी पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंधी ओली करून बघितलं, तर कोरडा 32, ओला 27. पंपाची पिन काढून ठेवली आणि नुसता पंखा चालू ठेवला.