अबोली

(शा. नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस, कुल ॲकँथेसी, कन्नड अब्बलिगे, कनकांबर, तमिळ कनकांबरम्, कोंकणी आबोली). अडुळसा व कोरांटी यांच्या कुलातील सदाहरित फुलझुडूप. उंची साधारणतः ५० सेंमी. ते १ मी.; पाने चकचकीत, लाटदार कडांची. फुले बिनदेठाची असून चौकोनी, लांब दांड्याच्या कणिशात हिरव्या छदांआडून (फुलांच्या तळाशी असणाऱ्या पानांसारख्या भागांआडून) खालून वर उमलत जातात. पुष्पमुकुटाची (जुळलेल्या पाकळ्यांची) नळी बारीक आणि पाकळ्यांचा सारा पसारा एकाच अंगाला, उघडलेल्या हातपंख्यासारखा. फुलाला वास नाही.

नावाची फोड ‘न बोलणारी ती अबोली’ अशी केली जाते व गंध नाही म्हणून फूल मुके, असे तिचे समर्थनही होते. ही लोकव्युत्पत्ती असावी. कन्नड व तुळू भाषांतील ‘अब्बलिगे’ हे रूप लक्षात घेता शब्द दक्षिणेकडून आला असण्याची शक्यता अधिक वाटते. मात्र केवळ ‘-इगे’ या अन्त्यावरून तसे ठरवता येत नाही. मल्लिकेचे ‘मल्लिगे’ आणि चंपकाचे ‘संपिगे’ करणारी कन्नड, बाहेरून आलेल्या शब्दालाही हेच शेपूट लावते. संस्कृत नावांबाबतही सावधगिरी हवी. अमरकोशातील ‘अम्लान’ म्हणजे न कोमेजणारे हे नाव अबोलीला लावण्याचा मोह होतो, कारण खुडलेले फूल बराच वेळ टवटवीत राहते. पण त्या ठिकाणी अम्लानाच्या तांबड्या प्रकाराला कुरबक व पिवळ्याला कुरंटक म्हटले आहे. तेथे कोरांटीच अभिप्रेत असावी.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५९ मध्ये ही वनस्पती जस्टिसिया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घालून तिला ‘जस्टिसिया इन्फंडिब्युलिफॉर्मिस’ म्हटले. १८०५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सॉल्सबरी यांनी क्रॉसँड्रा ही प्रजाती वेगळी काढली; परागकोशांवरील झालरीसारख्या केसांवरून हे ग्रीक नाव पडले. वनस्पतिशास्त्रज्ञ नेस यांनी १८३२ मध्ये सॉल्सबरींचे प्रजातिनाम व लिनीअसचे जातिनाम जोडून आजचे शास्त्रीय नाव रूढ केले. ‘इन्फंडिब्युलिफॉर्मिस’ म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची. फुलाकडे पाहता हे विशेषण फारसे नेमके नाही. प्रजातीतील सुमारे ५० जातींपैकी बहुतेक आफ्रिका व मादागास्कर येथील आहेत. त्यामुळे अबोली तिकडून आली असावी असा तर्क होऊ शकतो. तथापि दक्षिण भारत व श्रीलंका येथे ती रानटी अवस्थेत आढळते. तिला येथील मानणेच योग्य.

फळ म्हणजे चार बियांचे लहान बोंड. वाळलेले बोंड पाण्याच्या वाटीत टाकले, की थोड्याच वेळात तट्‌कन उकलते आणि बिया वाटीबाहेर उडतात. कोरडे असेपर्यंत ते मिटलेले राहते व पहिल्या पावसात फुटते. यामुळेच मूळ झाडापासून हातभर अंतरावर, फरशीच्या फटीतसुद्धा, रोपे उगवलेली दिसतात.

बागेत अबोलीला कवडशांचे ऊन मानवते. माडाखालची किंवा घराच्या पूर्वेकडची, सकाळचे ऊन मिळून दुपारी सावली येणारी जागा उत्तम. भर उन्हात पाने फिकटतात व कडा करपतात; दाट सावलीत झाड नुसते उंच, किडकिडीत वाढते आणि कणिसे कमी येतात. जमीन पालापाचोळ्याची, निचऱ्याची हवी. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे होऊन शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळी नुसते शेणखत वाढवून भागत नाही. थंडी सोसत नाही. फुलून संपलेले कणीस दांड्यासह खुडले, तर नवी कणिसे लवकर येतात. बी हवे असेल तर अर्थातच ठेवावे.

वळेसर व वेणीसाठी फुले एक दिवसाआड पहाटे खुडतात. गोवा-कोकणात ती भिजवलेल्या केळीच्या सोपाने, सुईशिवाय, गाठी मारत गुंफतात. रंगाचे नाव तर फुलापासून सुटून स्वतंत्र झाले आहे: अबोली साडी असते, आणि महाराष्ट्रात महिलांसाठीच्या परवान्यांवरील रिक्षाही.

बागायती प्रकारांत ‘दिल्ली अबोली’ महत्त्वाची. हिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३० गुणसूत्रे असतात. ती त्रिगुणित असल्याने बी धरत नाही. लागवड छाट कलमानेच करावी लागते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अंबर’, ‘अर्का कनक’ हे वाण दिले आहेत. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) व पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) यांचा उपद्रव होतो, पण खरा शत्रू जमिनीत असतो. मुळांवरील सूत्रकृमींमुळे (दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींमुळे) झाड खुरटते, पाने लहान पडतात आणि पुढे मर रोगालाही वाट मिळते. एकदा असे झालेल्या वाफ्यात लगेच पुन्हा अबोली न लावता मधे झेंडूचे पीक घेतात व निंबोळी पेंड मिसळतात.