दावोसचा बर्फ: अंदाज कुठे पक्का, कुठे कच्चा

स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या डोक्यावर वाइसफ्लूयोख नावाची खिंड आहे. तिच्याजवळच्या एका सपाट जागेवर, २५०० मीटरहून थोड्या अधिक उंचीवर, १९३६ सालापासून हिवाळाभर रोज सकाळी बर्फ मोजतात. साधन म्हणजे एक पांढरी फळी. रात्रभरात फळीवर जो नवा बर्फ साचतो, त्यात निरीक्षक पट्टी उभी रोवतो आणि सेंटिमीटर टिपून घेतो. मग त्या बर्फाचा नमुना घेऊन वजन करतो, फळी झाडतो आणि उद्यासाठी पुन्हा बर्फाच्या पृष्ठभागावर ठेवतो. म्हणजे एकाच बर्फाचे दोन आकडे: जाडी आणि वजन.

स्कीइंगला निघालेले लोक फक्त जाडी पाहतात. ‘उद्या ३० सेंटिमीटर’ असं वाचलं की हॉटेलं भरतात. पण अंदाज करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात कच्चा आकडा तोच असतो, कारण तो साखळीतल्या शेवटच्या कडीवर येतो. आधीच्या कड्या वाचता आल्या तर बर्फाच्या अंदाजातून कितीतरी जास्त कळतं.

हवामानाचं गणिती प्रारूप मुळात पाणी मोजतं. अमुक तासांत दर चौरस मीटरवर इतके किलो पाणी पडेल, ते द्रवरूपात असो की गोठलेलं, एवढं ते सांगतं. त्याचे सेंटिमीटर नंतर करायचे असतात. दर चौरस मीटरवर १ किलो म्हणजे पाण्याचा १ मिलिमीटर थर, आणि ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ होतो. कडाक्याच्या थंडीत, वारा पडलेला असताना, तेवढ्याच पाण्याचे दोन सेंटिमीटरही होतात. शून्याच्या आसपास ओलसर बर्फ पडत असेल तर अर्धा-पाऊणच. पाण्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरूनही बर्फाचा अंदाज दुपटीने चुकू शकतो तो असा.

हा फरक येतो स्फटिकांच्या आकारामुळे. जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी होक्काइदोमधल्या प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही १९३६ सालीच. कोणत्या तापमानाला आणि किती दमट हवेत कोणता आकार तयार होतो, याचा तक्ता त्यांनी मांडला. उणे २ अंशांच्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ च्या सुमारास सुया आणि खांब, आणि उणे १५ च्या जवळपास, हवा पुरेशी दमट असेल तर, सहा फांद्यांच्या चांदण्या. या चांदण्या एकमेकींत अडकतात, मधे भरपूर हवा राहते आणि बर्फ भुरभुरीत पडतो. स्की करणारे ज्या ‘पावडर’साठी जीव टाकतात ती हीच. म्हणून अनुभवी अंदाजकार जमिनीवरच्या थंडीइतकंच ढगाच्या आतलं तापमान बघतो. नेमक्या उणे १२ ते उणे १८ च्या पट्ट्यात हवा जोराने वर चढत असेल, तर तो सेंटिमीटरचा आकडा बेधडक वाढवतो.

हवा वर का चढते हे मराठी वाचकाला निराळं सांगायला नको. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला धडकते आणि महाबळेश्वरला धो धो कोसळते. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. आल्प्समध्ये नियम तोच, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे मोसमी वाऱ्याची दिशा ठरलेली, त्यामुळे भिजणारी बाजूही ठरलेली. आल्प्समध्ये वारा दर वादळात दिशा बदलतो. वायव्येकडून आला की दावोसला बर्फ. दक्षिणेकडून आला की बर्फ दक्षिणेकडच्या टिचिनो आणि एंगाडिन या भागांच्या वाट्याला, आणि दावोसकडे डोंगरावरून खाली उतरणारा, उतरता उतरता तापणारा कोरडा ‘फोन’ वारा. वादळाची दिशा थोडी जरी हलली तरी एका खोऱ्याचा बर्फ शेजारच्या खोऱ्यात जातो. चार दिवस आधी ही दिशा इतकी अचूक कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हवामान अंदाजाच्या युरोपीय केंद्राचं प्रारूप सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तोच अंदाज ५० वेळा चालवतं. त्यातल्या ४५ गणितांत बर्फ दिसला तर सामान बांधावं. २० मध्येच दिसला तर थांबावं. एकाच आकड्याचा आठ दिवस आधीचा अंदाज मी तरी वाचतच नाही.

मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतं ते हिमरेषेचं, म्हणजे बर्फ कुठे संपतो आणि पाऊस कुठे सुरू होतो त्या उंचीचं, गणित. वरून पडणारं सगळं बर्फच असतं. ते वितळून पाऊस कुठे होतो एवढाच प्रश्न. तापमान शून्य अंश असतं त्या उंचीच्या साधारण २०० ते ३०० मीटर खालीपर्यंत बर्फ तग धरतो. दावोस गाव आहे १५६० मीटरवर, त्यामुळे शून्य अंशाची पातळी १७०० मीटर की २००० मीटर, यावर गावात बर्फ की पाऊस हे ठरतं. पण अरुंद खोऱ्यात एक गंमत घडते. बर्फ वितळायला उष्णता लागते, दर किलोला ३३४ किलोज्यूल, आणि ती तो भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. १० मिलिमीटर पाण्याइतका बर्फ हवेच्या हजार मीटर जाडीच्या थरात वितळला, तर तो थर सुमारे ३ अंशांनी गार होतो. मोकळ्या मैदानात वारा लगेच नवी उबदार हवा आणतो. खोऱ्यात हवा कोंडलेली असते. ती गार होत जाते, हिमरेषा काहीशे मीटर खाली सरकते, आणि संध्याकाळी पावसात भिजणारं गाव रात्री पांढरं होतं. त्यासाठी वृष्टीला जोर हवा. रिमझिम असेल तर खोरं पुरेसं गार होत नाही आणि पाऊस पाऊसच राहतो. डोंगर गुळगुळीत करून मोजणाऱ्या ढोबळ प्रारूपांना हे खोरं दिसतच नाही. स्विस हवामान खातं म्हणूनच साधारण एक किलोमीटर जाळीचं स्वतःचं प्रारूप चालवतं.

बर्फ पडला तरी गोष्ट संपत नाही. तो स्वतःच्या वजनाने बसतो. तीन दिवस फळीवर रोज २० सेंटिमीटर मोजलेला बर्फ चौथ्या दिवशी ६० सेंटिमीटर भरत नाही, आणि म्हणून ‘या हंगामात एकूण पडलेला बर्फ’ हा जाहिरातीतला आकडा ‘आज उतारावर असलेला बर्फ’ यापेक्षा नेहमीच दांडगा दिसतो. वारा तर कडेवरचा बर्फ उचलून पलीकडच्या उताराला नेऊन टाकतो. वाटेत चांदण्यांच्या फांद्या मोडतात, तुकडे घट्ट रचले जातात आणि भुरभुरीत बर्फाची कडक पाटी होते. मार्च-एप्रिलमध्ये प्रश्नच वेगळा. दिवसा वितळलेला पृष्ठभाग रात्री गोठला, तर सकाळी त्यावर टणक कवच असतं आणि ऊन चढलं की वरचा थर दाणेदार, मऊ होतो. स्कीसाठी तो फार छान. तो मिळेल की नाही हे रात्रीच्या आकाशावर ठरतं. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता बाहेर टाकतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असतानाही गोठतो. ढग आले की सकाळी सगळा लगदा.

तयार केलेल्या स्की-मार्गांवर निसर्गाच्या जोडीला यंत्रंही आहेत. स्वित्झर्लंडमधल्या अर्ध्याहून जास्त मार्गांवर कृत्रिम बर्फ टाकायची सोय आहे. त्यासाठी ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं तापमान महत्त्वाचं, कारण हवा कोरडी असेल तर फवाऱ्याच्या थेंबातलं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेला थेंब गार होतो. हे तापमान उणे २ च्या खाली गेलं की यंत्रं सुरू करता येतात. या बर्फाचे गोळीदार कण नव्या नैसर्गिक बर्फाच्या चार-पाचपट जड असतात, आणि म्हणूनच टिकतात. दावोसजवळ तर हिवाळ्यात केलेल्या बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली झाकून उन्हाळाभर राखतात आणि हिवाळ्याच्या आधीच त्याचा क्रॉस-कंट्री मार्ग अंथरतात.

मार्गाबाहेर मात्र सगळा भरवसा हिमस्खलनाच्या अंदाजावर. दावोसची हिमसंशोधन संस्था तो १९४५ सालापासून काढते. हिवाळ्यात संध्याकाळी ५ वाजता, आणि सकाळी ८ वाजता पुन्हा. धोक्याच्या पाच पातळ्या आहेत. पाचवी फार क्वचित लागते. १९९९ च्या फेब्रुवारीनंतर ती मोठ्या भागावर लागली ती थेट जानेवारी २०१८ मध्ये, दावोसला जागतिक आर्थिक परिषदेचे पाहुणे पोहोचत असताना. पण स्वित्झर्लंडमधले सुमारे निम्मे बळी जातात ते तिसऱ्या पातळीच्या दिवशी. पाचवीला रस्ते आणि केबल कार बंद असतात, लोक घरात असतात. तिसरीला आकाश निळं असतं आणि नवा बर्फ खुणावत असतो. त्या बर्फाखाली, आधीच्या निरभ्र आठवड्यात पृष्ठभागावर वाढलेल्या दहिवराच्या स्फटिकांचा नाजूक थर गाडला गेलेला असू शकतो. एका माणसाच्या वजनाने तो मोडतो आणि ३० अंशांहून तीव्र उतारावर वरची अख्खी लादी सुटते.

म्हणून या अंदाजात पातळीच्या आकड्याशेजारी एक छोटं वर्तुळ असतं: कोणत्या दिशेचे उतार जास्त धोक्याचे (तो भाग काळा केलेला) आणि किती उंचीच्या वर. भर हिवाळ्यात बहुतेक वेळा काळा केलेला भाग उत्तरेकडचा असतो. तिथे ऊन पोहोचत नाही, नाजूक थर आठवडेच्या आठवडे सांधत नाही, आणि भुरभुरीत बर्फही सगळ्यात जास्त दिवस टिकतो तो तिथेच.