मेटिस आणि बिए : ‘ओडिसी’तील युक्ती व बळ

प्राचीन ग्रीक काव्यात चातुर्य, प्रसंगावधान आणि डावपेच या सगळ्यांना मिळून ‘मेटिस’ म्हणतात, तर अंगबळाला व जबरदस्तीला ‘बिए’. होमरच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’ या २४ सर्गांच्या महाकाव्यात (सुमारे इ. स. पू. ८ वे ते ७ वे शतक) इथाकाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धानंतर १० वर्षे भटकून घरी पोहोचतो. त्याच्या या परतीच्या वाटेवर मेटिस आणि बिए पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात.

या विरोधाची पूर्वपीठिका होमरच्याच नावावर असलेल्या, ट्रॉयच्या युद्धावरील ‘इलियड’ या महाकाव्यात आहे. तिथे वृद्ध नेस्टर रथशर्यतीला निघालेल्या आपल्या मुलाला सांगतो, की लाकूडतोड्या, सुकाणूवाला आणि सारथी हे तिघेही सरस ठरतात ते मेटिसमुळे. त्याच काव्यात ग्रीक वीर अकिलिस ओडिसियसला तोंडावर ऐकवतो, की मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवणारा माणूस मला मृत्युलोकाच्या दारांइतका नकोसा वाटतो. म्हणजे युक्तीबद्दलचे कौतुक आणि तिच्याविषयीचा संशय, दोन्ही ग्रीकांच्या मनात सुरुवातीपासून होते. कवी हेसिअडच्या ‘थिओगनी’त मेटिस ही देवताच आहे. देवांचा राजा झ्यूस तिला गिळून टाकतो आणि पुढे त्याच्या डोक्यातून अथीना जन्मते. ओडिसियसची पाठराखीण हीच अथीना.

या विषयाचा गाभा ९ व्या सर्गातील सायक्लोप्सच्या, म्हणजे एकडोळ्या राक्षसाच्या, गुहेत आहे. हा राक्षस, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा पॉलिफेमस, ओडिसियसला आणि त्याच्या १२ साथीदारांना गुहेत कोंडतो, आणि दर जेवणाला दोघांना खातो. पहिल्या रात्री ओडिसियसच्या मनात येते ते सरळ वीराचे : तो झोपला आहे, तलवार उपसावी आणि त्याच्या काळजात खुपसावी. पण हात थांबतो. दारावरचा दगड २२ गाड्यांनाही हलला नसता. राक्षस मेला असता, तर बाकीचे त्याच्या प्रेताशेजारी कोंडून मेले असते. म्हणून त्याला आंधळे करायचे, पण जिवंत ठेवायचे. दार त्यानेच उघडायचे. संपूर्ण महाकाव्यात मेटिसचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. शत्रूचे बळ इथे मोडलेले नाही, वापरून घेतलेले आहे.

बाकीचा बेत या एका निर्णयातून निघतो. ऑलिव्हच्या सोट्याचा एक तुकडा तासून, विस्तवात टोक कडक करून लेंड्यांखाली लपवला जातो. मेरॉन या पुजाऱ्याने दिलेली मदिरा इतकी कडक, की एका पेल्याला २० मापे पाणी घालत. ती पॉलिफेमसला निर्भेळ पाजली जाते. ओडिसियस आपले नाव ‘ऊटिस’, म्हणजे ‘कोणी नाही’, असे सांगतो. डोळा फुटल्यावर राक्षस ओरडतो, तेव्हा शेजारी विचारतात, कोणी कपटाने वा बळाने तुला मारतो आहे का? ‘कोणी नाही मारत’ हे उत्तर ऐकून ते निघून जातात. त्यांच्या बोलण्यात ‘कोणी नाही’चे दुसरे ग्रीक रूप ‘मे टिस’ येते आणि ऐकणाऱ्याला त्यात ‘मेटिस’ ऐकू येते. सकाळी साथीदार तीन-तीन मेंढ्यांच्या पोटाखाली बांधलेले असतात. ओडिसियस सर्वांत मोठ्या मेंढ्याला खालून चिकटतो आणि सारे निसटतात.

आणि इथेच तो चुकतो. गलबत किनाऱ्यापासून दूर जाताच तो राक्षसाला डिवचतो. रागावलेला पॉलिफेमस डोंगराचा सुळका फेकतो. लाटेने गलबत पुन्हा काठाकडे ढकलले जाते. साथीदार त्याला आवरतात, तरी तो स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव ओरडून सांगतो. जे नाव लपवल्यामुळे जीव वाचला, तेच तो कीर्तीसाठी देऊन टाकतो. आता पॉलिफेमसला नाव घेऊन शाप मागता येतो : हा घरी पोहोचलाच, तर उशिरा, सगळे साथीदार गमावून, परक्याच्या गलबतातून पोहोचावा आणि घरीही त्याला संकटच भेटावे. पोसायडन ते ऐकतो आणि सगळे खरे होते. मेटिसचा खरा शत्रू राक्षसाचे बळ नसून वीराच्या अंगात भिनलेली कीर्तीची हाव आहे, हे या प्रसंगातून जितके कळते तितके पुढच्या कुठल्याही प्रसंगातून कळत नाही.

पुढच्या संकटांत युक्तीलाही मर्यादा पडतात. लेस्ट्रिगोनियन नरभक्षक १२ पैकी ११ गलबते बुडवतात. ओडिसियसचे वाचते, कारण ते त्याने बंदराबाहेर बांधलेले असते. सिला या सहा तोंडांच्या राक्षसीशी लढू नकोस असे जादूगारीण सर्सीने बजावलेले असताना तो चिलखत चढवून दोन भाले घेऊन उभा राहतो. भाले हातातच राहतात आणि सहा माणसे जातात.

इथाकात मेटिसचे रूप बदलते. १३ व्या सर्गात ओडिसियस वेषांतर केलेल्या अथीनालाच खोटी कहाणी सांगतो. ती हसते आणि म्हणते, माणसांत सल्ल्यात व बोलण्यात तू श्रेष्ठ, देवांत मेटिससाठी माझी ख्याती. यानंतर त्याच्या वाट्याला भिकाऱ्याचा वेष येतो. वाटेत लाथ आणि स्वतःच्याच घरात, बायकोला मागणी घालत ठाण मांडलेल्या उमेदवारांनी फेकून मारलेले पायचौरंग तो मुकाट सोसतो. २० व्या सर्गात तो छातीवर मूठ मारून हृदयाला बजावतो, की सायक्लोप्सने साथीदार खाल्ले त्या दिवशी याहून वाईट सोसलेस आणि मेटिसने तुला गुहेबाहेर काढले. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, एवढ्यावर या काव्याचे समाधान होत नाही. इथे युक्तीचा मोठा भाग म्हणजे हात आवरणे.

त्याची बायको पेनेलपी या बाबतीत नवऱ्याहून कमी नाही. सासऱ्याचे कफन दिवसा विणायचे आणि रात्री उसवायचे, असे करून तिने मागणी घालणाऱ्यांना तीन वर्षे थोपवले. शेवटी ऑलिव्हच्या जिवंत बुंध्यावर घडवलेल्या पलंगाची गोष्ट काढून ती ओडिसियसचीच परीक्षा घेते, आणि तो फसतो.

तरीही राज्य परत मिळते ते बळाने. १०८ उमेदवारांपैकी ज्यांनी प्रयत्न केला, त्यांना धनुष्याची दोरी चढवता येत नाही. ओडिसियस ती सहज चढवतो. आधीच शस्त्रे दालनातून हलवलेली असतात आणि दारे बंद केलेली असतात. पण त्यानंतरची उमेदवारांची कत्तल युक्तीच्या गौरवात मावत नाही. १२ दासींना फाशी दिली जाते, आणि कवी त्यांचे धडपडते पाय दाखवायला विसरत नाही. २४ व्या सर्गात मृतांचे नातलग चालून येतात. अथीना थांबा म्हणते तरी ओडिसियस झडप घालायला धावतो. झ्यूसची वीज समोर पडल्यावरच तो थांबतो.

पुढच्या काळात मेटिसविषयीचा संशय वाढला. नाटककार सॉफोक्लीझच्या ‘फिलोक्टेटीस’मध्ये (इ. स. पू. ४०९) ओडिसियस एका कोवळ्या तरुणाला खोटे बोलायला भाग पाडतो. चित्रकारांना मात्र गुहाच आवडली. ग्रीसमधील एल्यूसिस येथे सापडलेल्या इ. स. पू. ७ व्या शतकातील रांजणावर पॉलिफेमसच्या हातात मदिरेचा पेला आहे आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यात सोटा शिरतो आहे. आधीचे आणि नंतरचे एकाच चित्रात आले आहे.