पीकेबी की केपीबी? बेलारूसच्या दोन कम्युनिस्ट पार्ट्या

बेलारूसमध्ये कम्युनिस्टांची एकच पार्टी असं धरून चाललात तर हमखास फसाल. 2006 च्या एका बातमीत एक कम्युनिस्ट नेता तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या, म्हणजे लुकाशेन्कोच्या, विरोधातल्या उमेदवाराचा प्रचार सांभाळताना दिसतो, त्याच काळातल्या दुसऱ्या बातमीत कम्युनिस्ट लुकाशेन्कोच्या पाठीशी ठाम उभे असतात, आणि दोन्ही बातम्या खऱ्या असतात. पार्ट्याच दोन. पीकेबी म्हणजे बेलारूसच्या कम्युनिस्टांची पार्टी आणि केपीबी म्हणजे बेलारूसची कम्युनिस्ट पार्टी. अक्षरं तीच, फक्त क्रम उलटा.

आधी जन्माला आली ती पीकेबी. ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्धचा उठाव फसला, सोव्हिएत काळातल्या पार्टीचं काम बेलारूसमध्ये थांबवण्यात आलं आणि मग डिसेंबरमध्ये उरलेल्या लोकांनी ही नवी पार्टी काढली. 1993 मध्ये जुन्या पार्टीवरची बंदी उठली तेव्हा तिचे लोकही हिच्यातच आले, म्हणजे तेव्हा सगळे एकाच घरात होते. ताकदही बरी होती, 1995 च्या संसद निवडणुकीत भरलेल्या 198 जागांपैकी 42 पीकेबीच्या, पार्टी म्हणून सगळ्यात मोठा गट हाच. (अपक्ष मात्र त्याच्या दुपटीहून जास्त होते, तेही ध्यानात असू द्या.)

भांडण झालं 1996 मध्ये आणि ते मार्क्सवरून नाही, लेनिनवरून नाही, सरळ लुकाशेन्कोवरून झालं. त्याला राष्ट्राध्यक्षाचे अधिकार भरमसाट वाढवणारी नवी घटना हवी होती आणि त्यासाठी सार्वमत लावलं होतं. संसदेतल्या सत्तरहून जास्त सदस्यांनी महाभियोगासाठी सह्या केल्या, प्रकरण इतकं तापलं की रशियाचे पंतप्रधान चेर्नोमिर्दिन मध्यस्थी करायला मिन्स्कला आले. पीकेबीचा नेता सर्गेई कल्याकिन लुकाशेन्कोच्या विरोधात राहिला. पार्टीतलाच विक्टर चिकिन आपली माणसं घेऊन बाहेर पडला आणि नोव्हेंबरमध्ये, सार्वमताच्या काही आठवडे आधी, त्याने केपीबी काढली. नाव घेतलं थेट सोव्हिएत काळातल्या पार्टीचं आणि आम्हीच तिचे खरे वारस असं सांगायला सुरुवात केली. वयाने धाकटी पार्टी, पण नाव थोरलीचं, सगळा घोळ तिथूनच. सार्वमत लुकाशेन्कोने जिंकलं, जुनी संसद गेली आणि 110 जणांचं नवं सभागृह आलं.

आपल्याकडे भाकप आणि माकपमध्ये असाच गोंधळ होतो, पण 1964 च्या त्या फुटीला निदान डांगे, चीन, रशिया, काँग्रेसशी कसं वागायचं असे बरेच पदर होते. इथे प्रश्न एकच होता, साहेब हवेत की नकोत.

पुढे दोघींच्या वाटा पूर्ण वेगळ्या झाल्या. 2006 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत कल्याकिन चक्क विरोधकांचा सामायिक उमेदवार मिलिन्केविच याच्या प्रचाराचा प्रमुख होता, म्हणजे कम्युनिस्ट, राष्ट्रवादी आणि बाजारवादी एकाच टेबलावर, असली आघाडी फक्त तिथल्याच परिस्थितीत जमू शकते. त्याच वर्षी केपीबीच्या बाजूने दोन्ही पार्ट्या एक करायचं अधिवेशन भरवलं गेलं. पीकेबीतले काही जण गेलेही, पण कल्याकिनने साफ नकार दिला, त्याच्या मते हा आपली पार्टी गिळायचा डाव होता. 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने पीकेबीचं काम सहा महिने बंद ठेवलं. 2009 मध्ये पार्टीने नावच बदललं आणि ती ‘न्याय्य जग’ झाली, त्यामुळे त्यानंतरच्या बातमीत नुसतं ‘बेलारूसचे कम्युनिस्ट’ असेल तर ती केपीबीच समजा.

केपीबीला अशी अडचण कधी आली नाही. संसदेत 2016 मध्ये 8 जागा, 2019 मध्ये 11, 2024 मध्ये 7. हा आकडा लोकप्रियतेचा आहे असं मला तरी वाटत नाही, तिथल्या निवडणुका कशा होतात ते सगळ्यांना माहीत आहे. 2023 मध्ये पार्ट्यांसाठी नवा कायदा आला, सगळ्यांनी पुन्हा नोंदणी करायची आणि किमान 5000 सदस्य दाखवायचे. पंधरा पार्ट्यांचा देश चार पार्ट्यांवर आला. केपीबी त्या चारांत आहे, ‘न्याय्य जग’ कोर्टाने विसर्जित केली.

जानेवारी 2025 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत केपीबीचा प्रमुख सर्गेई सिरान्कोव लुकाशेन्कोच्या ‘विरोधात’ उभा होता, पण प्रचारात सांगत होता की मी त्यांच्याऐवजी नाही, त्यांच्यासोबत उभा आहे. मतं मिळाली 3.21 टक्के आणि तेवढ्यावर नंबर दुसरा! मतमोजणी करणाऱ्या केंद्रीय आयोगाचा अध्यक्ष होता इगोर कार्पेन्का, तोही एकेकाळी याच केपीबीचा प्रमुख.