समुपदेशक, थेरपिस्ट आणि समाजकार्यकर्ते यांचा व्यवसाय-परवाना (भारत)

समुपदेशक, थेरपिस्ट किंवा समाजकार्यकर्ता म्हणून काम करण्यासाठी कायद्याने घातलेली शिक्षणाची आणि नोंदणीची अट म्हणजे व्यवसाय-परवाना. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. मनाशी संबंधित व्यवसायांसाठी अशी व्यवस्था भारतात तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली आणि ते तुकडे अजून नीट सांधलेले नाहीत. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे मानसिक आजारांच्या चाचण्या घेणारा आणि औषधांविना उपचार करणारा तज्ज्ञ, या नावाला कायद्याचे कुंपण आहे. ‘समुपदेशक’, ‘थेरपिस्ट’, ‘लाइफ कोच’ या पाट्यांचा मात्र कायद्याने बराच काळ विचारच केला नाही. एम.ए.नंतर दोन वर्षे रुग्णालयात राबून एम.फिल. ही पदवी मिळवलेली व्यक्ती आणि चार रविवारांचा ऑनलाइन कोर्स केलेली व्यक्ती एकाच इमारतीत शेजारी शेजारी पाटी लावू शकते. जिना चढून येणाऱ्याला दोघांतला फरक पाटीवरून कळत नाही.

शब्दांचा घोळ

मराठीत गोंधळ नावांपासूनच सुरू होतो. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणजे खरे तर सायकियाट्रिस्ट: एमबीबीएसनंतर मानसरोगशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेला, औषधे लिहून देणारा डॉक्टर. बोलण्यात मात्र समुपदेशकालाही सर्रास तेच म्हटले जाते. ‘मानसशास्त्रज्ञ’ हा शब्द महाविद्यालयात विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकापासून दवाखान्यात चाचण्या घेणाऱ्यापर्यंत सगळ्यांना चालतो. ‘समाजसेवक’ तर प्रत्येक नाक्यावरच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो. त्याच्यापासून वेगळे ओळखू यावे म्हणून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झालेली मंडळी स्वतःला आग्रहाने ‘समाजकार्यकर्ता’ म्हणवतात. सरकारी रुग्णालयात याच मंडळींच्या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असे भारदस्त नाव आहे. उपचाराचे पैसे नसलेला रुग्ण, बेवारस रुग्ण, घरी परत न्यायला कोणी न आलेला मनोरुग्ण हे सगळे शेवटी याच अधीक्षकाच्या टेबलापाशी येतात.

पुनर्वास परिषद

पहिले ठोस कुंपण अपंगत्वाच्या बाजूने आले. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे व्यवसायातल्या लोकांच्या तोंडची ‘आरसीआय’, १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा दिला आणि २२ जून १९९३ पासून तो अमलात आला. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे अशा अनेकांबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आणि पुनर्वसन समाजकार्यकर्ते हेही या परिषदेच्या कक्षेत येतात. मान्यताप्राप्त पात्रता असलेल्यांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत चढतात. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी कार्यशाळा आणि परिषदांतून गुण जमवावे लागतात.

कायद्याचे कलम १३ स्पष्ट आहे. नोंदवहीत नाव नसलेल्याने पुनर्वसन व्यावसायिक म्हणून देशात कुठेही व्यवसाय करू नये, सरकारी पद धरू नये, कायद्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करू नये. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ही रक्कम १९९२ ची आहे. आज मुंबई-पुण्यात समुपदेशनाच्या एका तासाची फी अनेकदा त्याहून जास्त असते.

या नोंदणीचे वजन कळते ते कागदपत्रांच्या खिडकीवर. बौद्धिक अपंगत्वाचा दाखला काढायचा असेल तर बुद्ध्यांकाच्या चाचणीचा अहवाल लागतो. दहावी-बारावीत अध्ययन अक्षमतेची सवलत हवी असेल तरी चाचण्यांचे अहवाल लागतात. असा अहवाल घेऊन गेले की सहीखाली आरसीआयचा क्रमांक आहे का, हे आधी पाहिले जाते. चुकीच्या ठिकाणी हजारो रुपये देऊन चाचणी करून घेतलेल्या पालकांना परवाना म्हणजे काय हे बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा समजते.

एम.फिल.चा पेच

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा रूढ मार्ग असा: मानसशास्त्रात एम.ए., मग आरसीआय-मान्य संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. या दोन वर्षांत विद्यार्थी वॉर्डात आणि ओपीडीत ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करतो. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे प्रवेश परीक्षांची तयारी हाच एक वेगळा उद्योग होऊन बसला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढायचे ठरवले. भाषा किंवा इतिहास विषयात त्याने फारसे बिघडत नव्हते, कारण तिथे ती पीएच.डी.ची पायरी होती. इथे मात्र तीच परवान्याची किल्ली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये एम.फिल.चे प्रवेश थांबवायला सांगितले आणि पुढच्याच महिन्यात क्लिनिकल सायकॉलॉजी व मनोसामाजिक कार्य (सायकियाट्रिक सोशल वर्क, म्हणजे मनोरुग्णांसाठीचे समाजकार्य) या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली. सगळ्या विद्याशाखांना एकच फूटपट्टी लावली की काय होते, याचा हा नमुना.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७

२०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ता यांच्या व्याख्या केल्या. मनोसामाजिक कार्यकर्त्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे, देखरेखीखालील प्रशिक्षणासह एम.फिल. अशी अट आहे. या तिघांनी मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करण्यासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. कलम १०६ नुसार कोणीही आपल्या शाखेबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवू शकत नाही. म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने ‘ही झोपेची गोळी घेऊन बघा’ असे म्हणणेही बेकायदा आहे.

नोंदणी नसलेली मानसिक आरोग्य संस्था चालवल्यास पहिल्या वेळी पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. पुढच्या गुन्ह्यांना तो पाच लाखांपर्यंत चढतो. पण ‘संस्था’ म्हणजे जिथे मनोरुग्णांना दाखल करून घेतले जाते किंवा ठेवले जाते अशी जागा. दोन खुर्च्या, एक टिश्यू पेपरचा डबा आणि तासाभराचे बोलणे एवढाच संसार असलेली समुपदेशकाची खोली या व्याख्येत बसत नाही. व्याख्यांच्या यादीत ‘समुपदेशक’ हा शब्दही नाही. ज्यांच्याकडे सर्वाधिक लोक प्रत्यक्षात जातात, तेच इतक्या तपशीलवार कायद्यातून सुटले.

समाजकार्याची अडलेली परिषद

भारतातले व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण मुंबईतच जन्मले. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्याला नेबरहुड हाउस काढले. तिथल्या कामातून प्रशिक्षित माणसांची निकड दिसली आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. १९४४ पासून त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. मुंबईतले निर्मला निकेतन १९५५ चे, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. पुढे विदर्भ-खानदेशापर्यंत समाजकार्य महाविद्यालये पसरली.

एवढी जुनी परंपरा असून समाजकार्यकर्त्यांची स्वतंत्र वैधानिक परिषद मात्र झाली नाही. राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचा मसुदा १९९३ मध्ये तयार झाला होता. त्यानंतर व्यावसायिकांच्या संघटनांनी तो पुन्हा पुन्हा पुढे रेटला, पण त्याचा कायदा झाला नाही. एक अडचण खरीही आहे. ज्या प्रांतात समाजसुधारणेचे बहुतेक मोठे काम पदवी नसलेल्यांनी केले, तिथे ‘परवान्याशिवाय समाजकार्य नको’ हे वाक्य उच्चारायलाही जड जाते. परिषदेच्या समर्थकांचे म्हणणे वेगळे आहे: सेवा कोणीही करावी, पण बाललैंगिक अत्याचाराची मुलाखत घेणे किंवा दत्तक इच्छुकांचा गृहभेट अहवाल लिहिणे हे शिकूनच करायचे काम आहे.

परिषद नसल्याने अटी ठरवतो तो नेमणूक करणारा. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ६ खाली विवाह समुपदेशक नेमले जातात. त्याच वर्षी मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, आणि पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसण्याची पद्धत पडली. एचआयव्ही तपासणी केंद्रांचे समुपदेशक आणि किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमधले समुपदेशक हे त्या त्या कार्यक्रमाच्या निकषांवर, बहुधा कंत्राटी नेमले जातात. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवणे बंधनकारक आहे. यांपैकी कुठलीही अट खासगीत व्यवसाय करणाऱ्याला लागू होत नाही.

तक्रार कुठे करायची?

परवान्याचा खरा उपयोग सन्मानापेक्षा तो काढून घेता येण्यात आहे. डॉक्टर चुकला तर राज्य वैद्यक परिषद त्याचे नाव नोंदवहीतून तात्पुरते किंवा कायमचे काढू शकते. ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही त्याचे काढणार काय? समुपदेशकाने गुपित फोडले, अशिलाशी, म्हणजे सल्ल्यासाठी आलेल्या व्यक्तीशी, नको ती जवळीक केली किंवा तीव्र नैराश्य ओळखलेच नाही, तर ग्राहक आयोग, दिवाणी दावा किंवा पोलीस हेच मार्ग उरतात. ते लांबचे आहेत आणि जे सांगायला माणूस बंद खोलीत गेला होता तेच त्याला चारचौघांत उघड करायला लावणारे आहेत.

काही बंधने परवाना असो-नसो सर्वांना लागू असतात. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथे गोपनीयतेची सबब चालत नाही, म्हणून जाणते समुपदेशक पहिल्याच भेटीत गोपनीयतेची मर्यादा सांगून ठेवतात.

२०२१ चा कायदा

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याला २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या परिशिष्टात वर्तणूक-आरोग्य विज्ञानाचा स्वतंत्र गट आहे. अपंगांसाठी आरसीआयच्या कक्षेत असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय व मनोसामाजिक कार्यकर्ते, मानसिक आरोग्य साहाय्यक अशी त्याची व्याप्ती. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पुरी होणारी पदवी लागते. अभ्यासक्रम आणि निकष केंद्रीय आयोगाने ठरवायचे, नोंदवही राज्य परिषदांनी ठेवायची, अशी वाटणी आहे.

राज्य परिषदा रखडल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याची धग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली ती २०२५ मध्ये. या कायद्याखालचे अभ्यासक्रम, त्यांत मानसशास्त्रही आले, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बजावले. नोकरी-संसार सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणारे आणि चाळिशीनंतर समुपदेशनाकडे वळणारे यांची वाट त्यामुळे अरुंद झाली. दर्जाच्या दृष्टीने निर्णय योग्य म्हणता येईल, कारण माणसासमोर बसण्याचे कसब टपालाने येत नाही. पण या क्षेत्रात अशा वाटेने आलेल्या जाणत्या स्त्रियांची संख्या लहान नाही, हेही नोंदवायला हवे.

परदेशी परवाने

अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा असतो. विवाह समुपदेशकांना कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये, तर व्यावसायिक समुपदेशकांना व्हर्जिनियाने १९७६ मध्ये प्रथम परवाना लागू केला. पदव्युत्तर पदवी, देखरेखीखाली हजारो तासांचे काम आणि लेखी परीक्षा हा तिथला सर्वसाधारण क्रम आहे. ब्रिटनचे उदाहरण भारताला जवळचे वाटावे: ‘सोशल वर्कर’ हे नाव तिथे कायद्याने राखीव आहे, पण ‘काउन्सेलर’ आणि ‘सायकोथेरपिस्ट’ राखीव नाहीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्याच्या समुपदेशकाशी मायबोलीत, व्हिडिओवर बोलावेसे वाटते तेव्हा परवान्यांतला हा देशोदेशीचा फरक आडवा येतो. तिकडच्या नियमांचा सर्वसाधारण रोख, अशील जिथे बसला आहे तिथला परवाना हवा, असा आहे.

परवान्याबाहेरची माणसे

परवाना सक्तीचा करावा या मागणीला सर्वांत अवघड प्रश्न गोव्याने विचारला आहे. १९९६ मध्ये तिथे स्थापन झालेल्या संगत या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले आणि परिणाम रीतसर चाचण्यांनी तपासले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘मानस’ चाचणीत सरकारी केंद्रांत येणाऱ्या नैराश्य-चिंताग्रस्तांना या पद्धतीचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. त्यानंतरच्या प्रयोगात तीव्र नैराश्य असलेल्यांनाही अशाच समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठकींनी गुण आला. नाशिक जिल्ह्यातल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात तर गावातल्याच स्वयंसेवकांना शेजाऱ्यांचे दुःख ऐकायला शिकवले गेले.

हे समुपदेशक परवानाधारक नाहीत, पण मोकाटही नाहीत. ठरलेली पुस्तिका, ठरावीक बैठका, संभाषणाच्या ध्वनिमुद्रणांवर नियमित चर्चा आणि हाताबाहेरचा रुग्ण वरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय या चौकटीत ते काम करतात. शहरातल्या एकट्या समुपदेशकाला नेमकी हीच देखरेख मिळत नाही. २०२१ च्या कायद्यातील ‘मानसिक आरोग्य साहाय्यक’ या वर्गात अशा कार्यकर्त्यांना सामावून घेतले जाते की पदवीच्या तासांची अट लावून बाहेर ठेवले जाते, हे राज्य परिषदांचे नियम ठरवतील.